मामांच्या बंदुका विकायच्यात, पण आधी परवान्याची वही उघडा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात, आजोळ सोलापूरचं. मामा ८१ वर्षांचे, जुन्या पेठेतल्या घरात एकटे राहतात, मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरात चार बंदुका आहेत. मामांच्या परवान्यावर एक विलायती बारा बोअरची दुनाळी आणि एक ईशापूर फॅक्टरीची ३१५ बोअरची रायफल. आजोबांची एक जुनी, बाहेर घोडे (चाप ओढला की आपटणारे खटके) असलेली दुनाळी, जी आजोबा गेल्यापासून कपाटातच आहे. आणि दिवाणखान्यात काळविटाच्या शिंगांच्या खाली लावलेली ठासणीची बंदूक. एका पत्र्याच्या डब्यात जुनी काडतुसं. मामींच्या आजारपणात परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं. बंगळुरूचा मामेभाऊ म्हणतो सगळं विकून टाका, केअरटेकर आणि औषधपाण्याचं बघता येईल. कुणीतरी सांगितलंय की अँटिक माल आहे, दहा-बारा लाख कुठं गेले नाहीत. ओळखीतला एक जण सगळ्या मिळून रोख पैसे द्यायला तयार आहे, फक्त "कागदाची भानगड नको" म्हणतो. मामा विषय काढला की उठून आत जातात. ताईंना दोन गोष्टी विचारायच्यात, खरी किंमत कशी काढायची आणि मामांना पटवायचं कसं.

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण त्या रोखवाल्या माणसाला आधी नाही म्हणून टाका, आजच, आणि "बघू, कळवतो" असं नाही, स्पष्ट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक विकायची रीत ठरलेली आहे. घेणाऱ्याकडे परवाना पाहिजे, त्या परवान्यावर जागा पाहिजे, आणि विकणाऱ्यानं आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं असतं. हे सगळं टाळून दिलं तर घेणारा जेवढा अडकतो तेवढेच मामाही अडकतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा विक्रीला शिक्षाच किमान सात वर्षांपासून सुरू होते. शिवाय बंदुकीवर नंबर असतो आणि तो नंबर मामांच्या परवान्यावर चढलेला आहे. उद्या ती कुठं बिहारमध्ये नाहीतर बिदरमध्ये सापडली तर पोलीस पहिल्यांदा ८१ वर्षांच्या माणसाचं दार वाजवणार. "कागदाची भानगड नको" म्हणणाऱ्याला नेमकं हेच माहीत असतं, म्हणून तर तो कागद नको म्हणतो.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या त्या ठासणीच्या बंदुकीची. ती कुणीही खाली काढू नका, घोडा ओढून बघू नका, नळीत डोकावू नका, दिवाळीत नातवंडं आली की फोटोसाठी हातात देऊ नका. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे वरून, नळीच्या तोंडातून भरतात, आणि शेवटची भरलेली तशीच राहून गेलेल्या बंदुका जुन्या वाड्यांमधून निघतात, काळी दारू कोरडी राहिली तर किती तरी वर्षांनी पण पेट घेते. जाणकार माणूस काय करतो, एक सरळ लाकडी काठी नळीत हळूच सोडतो, जिथं थांबली तिथं खूण करतो, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघतो. काठी पार बुडापर्यंत गेली नसेल तर आत काहीतरी आहे. हे तुम्ही करायचं नाही, परवानाधारक शस्त्र डीलरला किंवा पोलिसांच्या आर्मोररला, म्हणजे हत्यारं सांभाळणाऱ्याला, करू द्यायचं, मी फक्त सांगते कारण तो माणूस काठी घालून काय बघतोय हे तुम्हाला कळलेलं बरं. काडतुसांचं तेच. कागदी खोळीची जुनी काडतुसं फुगलेली असतील, पितळेला हिरवा गंज चढलेला असेल, तर ती फोडायची नाहीत, कचऱ्यात टाकायची नाहीत आणि रात्री नेऊन विहिरीत तर अजिबात नाही. डबा आहे तसा कुलपात ठेवा, बंदुकांबरोबर तोही जमा होईल.

आता तुमच्या पत्रातल्या पहिल्या गृहीताकडे. तुम्ही सगळीकडे "मामांच्या चार बंदुका" असं लिहिलंय. कागदावर तसं नाहीये. मामांच्या परवान्यावर दोनच आहेत आणि तो परवाना सध्या संपलेला आहे. तिसरी आजोबांच्या परवान्यावर होती, आजोबा गेले तेव्हा तो परवाना संपला, म्हणजे ती बंदूक इतकी वर्षं कपाटात विनापरवाना पडून आहे. चौथीला बहुतेक कधी परवानाच नसेल, कारण "ती काय, शोभेची" असं सगळेच म्हणतात. म्हणून किंमत काढायच्या आधी परवान्याची वही मागा. जुनी वही असते ती, शिक्क्यांनी भरलेली, दर नूतनीकरणाचा एक शिक्का आणि सही, निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या पण त्यातच घडी घालून ठेवलेल्या असतात. ती वही मामांसोबत बसून पानापानानं बघा. प्रत्येक बंदुकीचा मेकर, बोअर, नंबर उतरवून घ्या. परवान्याला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळालाय का ते बघा, कारण सगळे परवाने आता राष्ट्रीय डेटाबेसवर असावे लागतात. आजोबांची वही असेल तर तीही शोधा, आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला.

२०१९ पर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दुरुस्तीनं त्या दोनवर आल्या आणि वारसाहक्कानं आलेल्या बंदुकीलाही ती मर्यादा लागू झाली. जास्तीची बंदूक जमा करायला तेव्हा एक वर्ष दिलं होतं, ते केव्हाच संपलं. म्हणजे आजोबांची दुनाळी मामांच्या नावावर चढवू म्हटलं तरी आता जागाच नाही.

"शोभेची आहे, अँटिक आहे, तिला कुठला आलाय परवाना" हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्यावर थोडं सविस्तर लिहिते. कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तूच्या मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे हे खरं, पण त्याला एक अट आहे, ती बंदूक तशीच्या तशी किंवा दुरुस्त करूनसुद्धा चालवता येणार नाही अशी पाहिजे. नुसती जुनी असून भागत नाही. नळी बुजलेली, घोड्याचं यंत्र गेलेलं, आणि ते कुणी जाणकारानं तपासून लिहून दिलेलं, असं असेल तर गोष्ट वेगळी. ठासणीची बंदूक तर इतकी साधी असते की गावचा लोहारही दुरुस्त करू शकतो, म्हणून तिला सूट आहे असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. ती १०० वर्षांच्या वरची निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही मध्ये येतो आणि मग ती देशाबाहेर विकता येत नाही, कुणी परदेशातल्या गिऱ्हाईकाचं आमिष दाखवलं तर ते तिथंच सोडून द्या.

मग जायचं कुठं? इथं सोलापूरकरांची नेहमी गल्लत होते. शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे शहर हद्दीतले शस्त्र परवाने पोलीस आयुक्तांकडे असतात, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर अशा ग्रामीण भागातले जिल्हाधिकाऱ्यांकडे. मामा पेठेत राहतात म्हणजे आयुक्तालयातली शस्त्र परवाना शाखा. पण आजोबांची बंदूक आजोबा गावी राहत असताना घेतलेली असेल, तर तिची मूळ नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात निघू शकते, म्हणून वहीवरचा शिक्का कुणाचा आहे ते आधी बघा, नाहीतर तुमचे पुण्याहून चार हेलपाटे फुकट जातील.

पोलिसांत जायचं म्हटलं की घरातले सगळे गप्प होतात, मामांची तर छातीच धडधडत असेल. आपणहून गेलो तर आपल्यालाच आत टाकतील ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण विनापरवाना बंदूक बाळगणं हा गुन्हाच आहे आणि त्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये असंही लिहिलंय की परवाना संपला, रद्द झाला किंवा कुठल्याही कारणानं बंदूक ठेवणं कायदेशीर राहिलं नाही तर ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. आणि जमा केली म्हणजे गेली असं नाही, जमा करणाऱ्याला, तो नसेल तर त्याच्या वारसाला, ती पुढं कायदेशीर माणसाला विकायचा हक्क राहतो, फक्त ठरलेल्या मुदतीत ते केलं नाही तर बंदूक सरकारजमा होते. आपणहून, वकिलाला सोबत घेऊन, लेखी अर्ज देऊन गेलेला म्हातारा माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्याकडे एकाच नजरेनं बघितलं जात नाही. वकील मात्र शस्त्र परवान्याची कामं करणारा बघा, कोर्टात विचारलं की नाव कळतं, घरचा जमिनीचा वकील इथं उपयोगाचा नाही.

अर्जात काय लिहायचं तर खरं तेच, मामींचं आजारपण, तारखा, हॉस्पिटलची कागदपत्रं जोडून, वडिलांची बंदूक कपाटात राहून गेली हेही सरळ. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि एक महत्त्वाचं, अर्ज द्यायला जाताना बंदुका गाडीच्या डिकीत टाकून नेऊ नका. परवाना संपलेला आहे, शहरात शस्त्रबंदीचा आदेश लागू असू शकतो, आणि सात रस्त्याला नाकाबंदीत गाडी अडवली तर तुम्ही जमा करायलाच निघालाय हे कसं सिद्ध करणार? आधी अर्ज, मग ते सांगतील त्या दिवशी, त्यांच्या माणसासमोर किंवा त्यांच्या लेखी परवानगीनं बंदुका हलवायच्या.

जमा ठाण्यात करायच्या की डीलरकडे? मी डीलरच्या बाजूनं आहे, पोलिसांनी हो म्हटलं तर. ठाण्याच्या मुद्देमाल कोठडीत शंभर वस्तूंच्या ढिगात बंदूक उभी राहते, तेलपाणी कोण करणार, दोन पावसाळ्यांत नळीच्या आत गंजाचे खड्डे पडतात आणि मग किमतीत तेच मोजले जातात. डीलर महिन्याचं भाडं घेतो, पण बंदूक पुसून ठेवतो. पावतीवर मात्र मेकर, बोअर, नंबर, आणि आत्ताची अवस्था हे सगळं लिहून घ्या, "एक दुनाळी बंदूक" एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. नंबरचे आणि नळीवरच्या खुणांचे जवळून फोटो तुमच्याकडे ठेवा. ते फोटो फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर "कुणाला इंटरेस्ट असेल तर" म्हणून टाकायचे नाहीत, बंदुका असलेल्या घरात एकटा म्हातारा माणूस राहतो ही जाहिरात होते ती.

आता किमतीबद्दल, कारण तुमचा मामेभाऊ तेवढंच वाचणार आहे.

दहा-बारा लाख हा आकडा कुणी दिला आणि त्यानं बंदूक हातात घेऊन बघितली होती का? बंदूक जुनी म्हणून महाग होत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं, म्हणून भारतात आधीच असलेल्या चांगल्या विलायती बंदुकांना मागणी आहे, हे खरं, आणि तुमच्या चारांतली सगळ्यात जास्त मोलाची बहुतेक मामांची ती विलायती दुनाळीच असेल, आजोबांची नाही. आजोबांची बाहेर घोडे असलेली दिसायला देखणी असेल, नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती डमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचं काडतूस त्यात घालणं धोक्याचं, म्हणजे वापरायला घेणारा ती घेणार नाही, संग्रह करणारा घेईल, आणि संग्रह करणाऱ्यालाही परवान्यावर दोनच बंदुकांची जागा आहे. ही गोष्ट कुणी सांगत नाही. गिऱ्हाइकांचा आकडाच कायद्यानं छोटा केलाय, मग अशा बंदुकीला भाव येणार कुठून? ईशापूरची ३१५ तर आजही सरकारी कारखान्यातून नवी मिळते, तिला जुनी म्हणून जास्त पैसे कोण देईल?

डीलर बंदूक उघडून आधी नळ्यांच्या खालच्या, सपाट भागावर बघतो. विलायती बंदुकीवर तिथं प्रूफ हाउसचे शिक्के असतात, लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं आहे आणि अजून चालू आहे. दाबाची चाचणी घेतल्याशिवाय तिथं बंदूक विकता येत नव्हती. मुकुटाखाली बीएनपी अशी अक्षरं असली तर ती बर्मिंगहॅमची नायट्रो, म्हणजे आधुनिक बिनधुराच्या दारूची, चाचणी, १९५४ च्या नियमांनंतरची. मग चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी, अडीच इंची की पावणेतीन इंची, कारण आजची काडतुसं मोठी आहेत. मग नळ्या उजेडाकडे धरून आतले खड्डे, बाहेरून दबलेली जागा, बिजागरीचा ढिलेपणा, दस्त्याला चीर, दोन्ही नळ्यांना एकच नंबर आहे की कुणी नळ्या बदलल्यात. मूळ पेटी आणि खरेदीची पावती असली तर किंमत वाढते, म्हणून माळा नीट शोधा. आणि कृपा करून विकायच्या आधी चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका, घासून-पुसून, पॉलिश मारून, नळीला नवा काळा रंग चढवून आणली की जाणकार माणूस लगेच किंमत पाडतो.

दोन डीलरकडून, एकमेकांना न सांगता, प्रत्येक बंदुकीची वेगळी किंमत लेखी घ्या. "सगळं मिळून इतके" असं म्हणणाऱ्याला थांबवा, कारण एकगठ्ठा भावात चांगली बंदूक लपते. सोलापुरात एकच मत मिळत असेल तर दुसरं पुण्याचं घ्या, तुम्ही तिथंच आहात, फोटो आणि मापं दाखवून अंदाज तरी येतो, शेवटची किंमत मात्र प्रत्यक्ष बघूनच. डीलर स्वतः घेतो तो भाव कमी असतो, कमिशनवर गिऱ्हाईक बघून देतो तो जास्त पण त्याला महिने लागतात, हा हिशेब मामेभावाला आधीच सांगून ठेवा. पैसे मामांच्याच खात्यात, बँकेतून. आणि व्यवहार झाल्यावर परवान्यावरून ती बंदूक कमी झाल्याची नोंद करून घ्या, पैसे आले म्हणून ते विसरू नका.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की आजोबांची दुनाळी १९३० च्या मार्शल लॉमध्ये इंग्रजांपासून लपवून ठेवलेली आहे असं घरात सांगतात. सोलापूरकराला मार्शल लॉ, इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी अंमल, म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, पुढच्या जानेवारीत येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली, त्या दिवसांची आठवण घरोघरी आहे. ही गोष्ट मामांकडून नीट ऐकून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, कुणी लपवली, कुठं, बाहेर कधी काढली, सगळं. पण किमतीत ती धरू नका. कागद, फोटो, त्या काळचा परवाना काहीतरी लागतं, तोंडी गोष्टीला घेणारा पैसे देत नाही. आणि नळीवरचे शिक्के १९३० नंतरचे निघाले तर मामांसमोर "बघा, खोटं निघालं" असं म्हणू नका, गोष्ट दुसऱ्या एखाद्या बंदुकीची असेल आणि वर्षानुवर्षांत या बंदुकीला चिकटली असेल. पुरावा खरंच निघाला तर ती विकण्यापेक्षा संग्रहालयाला देण्याचा विचार करा. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार मामांनी नक्की बघितलं असेल, नसेल तर एकदा घेऊन जा. तिथं एक दुपार घालवली तर मामा या विषयावर आपणहून बोलतील असं मला वाटतं.

आणि आता मामा. तुम्ही विचारलंय पटवायचं कसं. मला विचारायचंय की मामांना यातलं काय नकोय हे कुणी त्यांना विचारलं का? ते उठून आत जातात हे तुम्ही हट्ट म्हणून लिहिलंय. मला त्यात भीतीसुद्धा दिसते. दोन वर्षं परवाना संपलेला आहे हे त्यांना माहीत आहे, वडिलांची बंदूक बेकायदा पडून आहे हेही त्यांना माहीत असणार, ज्या पिढीनं दर नूतनीकरणाला वेळेवर रांगेत उभं राहून शिक्के मारून घेतले त्या पिढीच्या माणसाला ही शरमेची गोष्ट वाटते आणि ती भाचीसमोर कशी बोलणार? त्यात मामी गेल्या, मुलगा लांब, घरातल्या वस्तू एकेक करून निघायला लागल्यात, आणि बंगळुरूहून फोन येतो तो बंदुका विकायचा. त्यांच्या जागी कोण खुशीनं हो म्हणेल.

म्हणून विकण्यापासून सुरुवात करू नका, परवान्यापासून करा. "मामा, तुमचा परवाना रिन्यू करायचा राहिलाय, मी येते सोबत, उशिराचा अर्ज आपण दोघं मिळून देऊ" हे वाक्य त्यांना ऐकायला बरं वाटेल. आणि त्यांच्यासाठी खरोखर मार्ग आहेत. उशीर माफ होऊन नूतनीकरण झालं, तब्येतीचा दाखला मिळाला, तर विलायती दुनाळी ते ठेवू शकतात. किंवा २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली तर हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो, मामा दोन्ही अटींत बसतात. मामेभावाला विचारा, पण जबाबदारीसकट विचारा. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये तिजोरी, दर मुदतीला नूतनीकरण, निवडणुकीला जमा करणं, हे त्याला झेपणार नसेल तर त्यानं तसं स्वतः वडिलांना सांगावं, तुमच्या तोंडून नको. आजोबांची आणि भिंतीवरची जमा करायचीच आहे, त्यात पर्याय नाही, पण दुनाळी आणि रायफल यांचं काय करायचं ते मामांनी ठरवू दे. कदाचित ते रायफल विका म्हणतील आणि दुनाळी ठेवतील, आणि तेवढ्यावर मामेभावानं थांबावं. केअरटेकरचे पैसे बंदुकांतून काढायचे ही कल्पनाच मला पटत नाही, ते काम मुलांनी आपसात वाटून घ्यायचं असतं, आणि चार बंदुकांच्या पैशात असं किती महिने निघणार?

एक अवघड गोष्ट आहे पण लिहायलाच हवी. बायको गेलेला, एकटा राहणारा, बोलणं कमी झालेला म्हातारा माणूस, आणि घरात बंदूक आणि काडतुसं. मामा "आता कशाला जगायचं", "तिच्या मागं लवकर गेलेलं बरं" असं बोलतात का, जेवण-झोप कमी झालीय का, वस्तू वाटून टाकायला लागलेत का, हे बघा, आणि सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. असं काही वाटलं तर परवान्याचं, किमतीचं सगळं मागं ठेवा, त्याच दिवशी ठाण्यात फोन करून वकिलामार्फत बंदुका आणि डबा बाहेर काढा, आणि तोवर मामांना एकटं ठेवू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. शेजारी, भजनाचं मंडळ, सकाळी फिरायला जाणारा ग्रुप, ज्यांना मामा ओळखतात त्यांच्यापैकी दोघांना रोज डोकवायला सांगा.

शिंगांचं राहिलं. ठासणीच्या बंदुकीच्या वर काळविटाची शिंगं आहेत असं तुम्ही सहज लिहिलंय, पण बंदुका घ्यायला किंवा बघायला जो कुणी येईल त्याची नजर आधी तिकडंच जाणार. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर एके काळी शिकार चालायची, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद झाली, पुढं माळढोकसाठी अभयारण्य झालं. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. घरात जुनी शिंगं असली तर त्यांची नोंद आणि मालकीचा दाखला लागतो, आणि दाखला असला तरी विकता येत नाहीत. परवान्याच्या वहीबरोबर तो दाखला शोधा. सापडला नाही तर बंदुकांच्याच वकिलाला सांगून वनविभागाकडे लेखी अर्ज करून जमा करा, अमुक भाव देतो म्हणून बंदुकांसोबत शिंगं मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

येत्या शनिवारी सोलापूरला जाणार आहात असं लिहिलंय. त्या फेरीत किमतीचा शब्द काढू नका. वही मागा, मामांसोबत बसून नंबर उतरवून घ्या, गोष्ट रेकॉर्ड करा, कपाटाला आणि डब्याला कुलूप आहे का बघा, सोमवारी थांबता आलं तर वकिलाला भेटून अर्ज तयार करा. मामेभावाला त्या आधी फोन करून सांगा की अर्जाची पोच हातात येईपर्यंत वडिलांशी विक्रीचं बोलायचं नाही.